नेम धरला, असं मी म्हणालो

कात्तोलिका, १९ मे

प्रिय रेमे,

नाताळानंतर तुला पत्र नाही, याची आधी माफी मागतो. कारणं देता येतील, पण लिहायला बसलो की ती मलाच खोटी वाटू लागतात. फेब्रुवारीत एक पत्र अर्धं लिहून झालं होतं. वर घातलेली तारीख शिळी झाली म्हणून फाडलं. हा कसला नीटनेटकेपणा, असं नंतर वाटलं.

सोबत मावशीसाठी व्हिडिओ कॅसेट आहे. जेरेझची मोटरसायकल शर्यत, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, माझ्या समालोचनासह. शर्यत स्पेनमध्ये, तुमच्या गावात आणि भाचा बोलोन्याच्या एका खोलीत, पडद्यासमोर, सहसमालोचक ओत्ताव्हिओच्या मांडीला मांडी लावून बसलेला, हे मावशीला अजून पटत नाही. तिला सांग, चॅनेल आता आम्हाला परदेशी पाठवत नाही. पाठवलं असतं तर आधी तिच्याकडे जेवायला आलो असतो.

निकाल तुम्हाला माहीत आहेच. शेवटच्या फेरीत, मागच्या लांब सरळ रस्त्याच्या टोकाला, तुमच्या कुर्रो वाल्देरासने आमच्या एरोसला मागून उडवलं. एरोसच्या खांद्याचं हाड मोडलं, हातातली शर्यत गेली आणि बहुधा विजेतेपदही गेलं. एरोस आमच्या गल्लीतला. त्याचे वडील प्रिमो, त्यांच्या बारमध्ये मी रोज सकाळची कॉफी पितो. एरोस सात वर्षांचा असताना समुद्रकाठच्या पार्किंगमध्ये इवलीशी मोटरसायकल घेऊन गोल गोल फिरायचा, तेव्हा जमिनीवर खडूने वळणं आखून देणारा मी. हे मुद्दाम लिहितोय, कारण समालोचकाने अशी नाती लपवू नयेत असं माझं मत आहे. माइकवर मी हे कधीच सांगितलेलं नाही, हेही मग लिहायला हवं.

कॅसेटवर ऐकशील: "ऐका, ऐका, अजून रेस देतोय! नेम धरून गेला त्याच्यावर, नेम धरून!" दुसऱ्या दिवशी एका पेपराने तेच मोठ्या अक्षरात छापलं. मला जे दिसलं ते मी बोललो. पण तुमच्याकडचे लोक काय बोलले असतील? तुला शर्यतीत रस नाही, पण माणसं कशी बोलतात यात आहे. त्या क्षणाला तुमच्या टीव्हीवर काय म्हणाले, ते जसंच्या तसं लिहून पाठवशील?

तुझा
इवानो

*

जेरेझ, ४ जून

इवानो,

मम्माने तुला माफ केलं आहे. मी अजून विचार करतेय.

ती शर्यत कशी बघते, ते तुला एकदा सांगायलाच हवं. पन्नास वर्षं जेरेझमध्ये काढली, इथेच नवरा पुरला, पण शर्यतीच्या रविवारी ती परत तुमच्याकडची, रोमान्याची पोर होते. टीव्हीचा आवाज बंद करते आणि स्वतः बोलत बसते. "या गाढवांना काय कळतंय! माझा इवानो असता तर सांगितलं असतं." मग तुझी कॅसेट आली की तीच शर्यत पुन्हा बघते, निकाल माहीत नसल्यासारखी. एरोस पडला तेव्हा दुसऱ्यांदाही तिने कपाळाला हात लावला.

आता तुझं काम. आमच्या शाळेतल्या कवायतीच्या मास्तरांनी शर्यत रेकॉर्ड केली होती, ती आणून ऐकली. तू "नेम धरून" म्हणतोस, त्याच क्षणी आमचा माणूस म्हणतो: "दार लावलं! एरोसने दार लावलं! खेचर रस्त्यात आडवं होतं तसा आडवा झाला बघा, कुर्रोने जायचं कुठून?" गंमत म्हणजे तुम्ही दोघं एकाच पट्टीत ओरडता. मी पियानोवर लावून पाहिलं.

पुढे ती रेतीतली थप्पड. कुर्रो हात पुढे करून आला आणि एरोसने धड असलेल्या हाताने त्याच्या हेल्मेटवर एक लगावली. तू म्हणालास, "रक्त गरम असतं, समजून घ्यायला हवं." आमचा म्हणाला, "लाज! घरी पाठवा याला!" थप्पड कुर्रोने मारली असती तर तुम्ही दोघांनी वाक्यांची अदलाबदल केली असती, हो ना?

मला हसू आलं असतं, पण आमच्या अंगणापलीकडे एन्कार्ना राहते. कुर्रोची आई. अंगण एकच आहे, कपड्यांच्या दोऱ्याही सामाईक. मम्माला कमी ऐकू येतं, त्यामुळे तुझी कॅसेट सगळ्या अंगणाला ऐकू जाते, आणि "नेम धरला" कळायला इटालियन यावं लागत नाही. मंगळवारपासून एन्कार्ना तिचे कपडे लांबच्या दोरीवर, विहिरीपाशी टाकते. भेटली की "शुभ सकाळ" म्हणते, पण माझ्याकडे बघून नाही.

आणि एक प्रश्न. मला यातलं काही कळत नाही, मी पोरांना सूर शिकवणारी बाई. पण वळण आलं की प्रत्येक गाडीचा आवाज जिन्याच्या पायऱ्या उतरल्यासारखा उतरतो. गिअर खाली, पायरी खाली. सगळ्यांचा तसाच. कुर्रोचा दोन पायऱ्या उतरतो आणि एकदम छपरावर जातो. रेस दिली की आवाज असा जातो का? ओझं ओढणारा आवाज दमत दमत चढतो असा माझा समज. हा अगदी मोकळा होता. हा कसला आवाज आहे, इवानो?

रेमे

*

कात्तोलिका, २२ जून

प्रिय रेमे,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि एक नवाच नाद लागला. जुन्या कॅसेट काढून माझीच क्रियापदं ऐकत बसलो. आपला माणूस पुढे जातो तेव्हा तो "जागा शोधतो". परका माणूस "घुसतो". आपला रुंद वळतो तेव्हा "टायर दमलेत". परका रुंद वळतो तेव्हा "घाई नडली". आपला मागे वळून बघतो तो "हिशोब करतो", परका वळून बघतो तो "घाबरलाय". हे मी ठरवून करत नाही. निदान मला तसं वाटतं. ठरवून केलं असतं तर थांबवता तरी आलं असतं.

पण त्या आवाजाचं म्हणशील तर तिथे तुझा अंदाज चुकतोय. पियानो वेगळा आणि इंजिन वेगळं. मी गॅरेजवाल्याचा मुलगा, बोलोन्याला जाऊन साहित्याची पदवी घेतली तरी कान गॅरेजमध्येच तयार झाले. आवाज चढला म्हणजे मनगट पिळलं गेलं. रेस दिली. याहून त्यात काही नाही.

एन्कार्नाबाईंचं वाईट वाटलं. त्यांचा मुलगा इथल्या मुजेल्लोच्या शर्यतीत नववा आला, गाडी चांगली चालवली. लोकांनी हिणवत शिट्ट्या मारल्या, पण शिट्ट्या आमच्याकडे सगळ्यांनाच मारतात. आणि कुर्रोने स्वतःच पत्रकारांना सांगितलंय, "चूक माझी होती." मग वाद उरतो कुठे?

मावशीला मुजेल्लोची कॅसेट पाठवतोय. तिचा गुडघा कसा आहे?

इवानो

*

जेरेझ, ८ जुलै

इवानो,

गुडघा बरा आहे. तू बरा नाहीस.

मुजेल्लोच्या तू शिट्ट्या लिहिल्यास. बाटली लिहिली नाहीस. ती कुर्रोच्या पाठीला लागली, उतरून पायी चालला होता तेव्हा. कॅसेटवर ती दिसते, कारण कॅमेरा तिथेच होता, आणि तू त्या वेळी हवामानाबद्दल बोलतोस. मागच्या स्टँडवर चादरीएवढं कापड टांगलंय, त्यावर मोठ्या लाल अक्षरांत "नेमबाज" लिहिलंय. तो शब्द कुणाचा, हे मी तुला विचारत नाही.

आता ऐक. मम्माला उन्हाळ्यात जुन्या शर्यती बघायला आवडतं. गेल्या आठवड्यात तिने कपाटातून दोन वर्षांपूर्वीची हॉलंडची कॅसेट काढायला लावली. "ती लाव, ज्यात एरोस त्या जर्मनावर आदळतो आणि इवानो रडतो." मी स्वयंपाकघरात भोपळी मिरच्या भाजत होते. आणि तिथे, मिरच्यांसमोर उभी असताना, मी तोच आवाज ऐकला. दोन पायऱ्या खाली आणि एकदम छपरावर. मोकळा.

मी हात न पुसता बाहेर आले. पडद्यावर एरोस ब्रेक लावत लावत सरळच गेला आणि पुढच्या जर्मनाला घेऊन पडला. आणि तू, श्वाससुद्धा न घेता: "गिअर पडला नाही! न्यूट्रलमध्ये अडकला बिचारा! काय करणार, चाक मोकळं, गाडी थांबणार कशी!"

मी दोन्ही कॅसेट पाठोपाठ लावल्या. मम्मा म्हणाली, "एकच तर आहे, पुन्हा पुन्हा काय लावतेस?"

एकच आहे, इवानो?

अजून एक. जेरेझच्या कॅसेटवर तुझ्या आवाजाखाली दुसरा एक आवाज आहे. तू "ऐका, ऐका" म्हणतोस तेव्हा तो सुरू होतो आणि "नेम" आला की तुटतो. जाड, घोगरा पुरुषाचा आवाज. वाद्यवृंदात मागच्या रांगेतलं एखादं पोर चुकीच्या वेळी वाजवतं, तेव्हा मला ते शोधावं लागतं, म्हणून कानाला सवय आहे. शब्द कळत नाहीत. पहिला शब्द "नाही" आहे, एवढं नक्की.

रेमे

*

कात्तोलिका, २४ ऑगस्ट

प्रिय रेमे,

दीड महिना गप्प बसलो. या वेळी कारण आहे, पण ते माफी मागण्यासारखं नाही. तुझं पत्र टेबलावर होतं आणि मी त्याच्यावर रोज पेपर ठेवत होतो.

शेवटी ओत्ताव्हिओकडे गेलो. तो स्वतः बारा वर्षं शर्यतीत होता हे तुला माहीत आहे. उन्हाळ्यात तो किनाऱ्यावर छत्र्या आणि खुर्च्या भाड्याने देतो. भर दुपारी गेलो. तो अनवाणी, वाळूत छत्रीचा दांडा रोवत होता.

"ओत्ताव्हिओ, जेरेझला शेवटच्या फेरीत तू काही म्हणाला होतास का?"

"म्हणालो होतो."

"काय?"

"नाही, गिअर पडला नाही, न्यूट्रलमध्ये आहे. एवढंच. अर्धंच म्हणालो. तू माझ्या दंडावर हात ठेवलास."

"मी?"

"तू नेहमीच ठेवतोस. तुझं वाक्य रंगात आलं की हात येतो, मी गप्प बसतो. चांगली पद्धत आहे की. दोघं एकदम बोलत नाहीत."

"मग नंतर तरी सांगायचं होतंस!"

"नंतर? नंतर तू पेपरात होतास." त्याने दांडा हलवून पाहिला. "आणि माझ्या या छत्र्यांखाली कोण झोपतं, इवानो? एरोसचेच लोक. मला वाटलं, लोकांना काय हवं ते तुला जास्त कळतं. शिकलेला आहेस."

हे तो टोमणा म्हणून बोलला नाही, म्हणून जास्त लागलं.

मग बोलोन्याला जाऊन दोन्ही शर्यतींचे निव्वळ मैदानी आवाज मिळवले. चॅनेलकडे तशा फिती असतात, ज्यात आम्ही नसतो. ऐकले. तुझं बरोबर आहे. शर्यतवाला वळणावर नुसत्या ब्रेकांवर थांबत नाही, गिअर खाली टाकत इंजिनालाही गाडी मागे ओढायला लावतो. पायाने गिअर दाबला आणि तो पडलाच नाही, तर मधेच न्यूट्रल येतो. इंजिन सुटल्यासारखं किंचाळतं आणि गाडी मात्र पुढे निघून जाते. हा आवाज मी वडिलांच्या गॅरेजमध्ये चालायला शिकण्याआधी ऐकला असेन.

मला त्रास कशाचा होतो ते सांगतो. मी खोटं बोललो असतो तर सोपं होतं. मी खोटं बोललो नाही. मला खरोखर रेस ऐकू आली. पुढे एरोस आहे आणि मागून येणारा आपला नाही, एवढं डोळ्यांनी कानाला सांगितलं आणि कानाने मान डोलावली. असं आणखी कितीदा झालं असेल, हा प्रश्न मला आता झोपू देत नाही असं लिहिणार होतो, पण झोप लागते. लागू नये असं वाटतं.

एक गोष्ट मात्र कळत नाही. कुर्रोला तर माहीत होतं. पाय त्याचा होता. मग तो "चूक माझी" म्हणून गप्प का बसला?

इवानो

*

जेरेझ, २ सप्टेंबर

इवानो,

तुझ्या प्रश्नाचं उत्तर माझ्या सोफ्यावर बसून गेलंय, आणि ते मी तुझ्यापासून लपवलं. आता सांगते.

मेमध्ये तुझी कॅसेट आली त्याच्या दुसऱ्या दिवशी कुर्रो घरी आला होता. लहानपणी माझ्या वर्गात होता, बाकावर बोटांनी ताल धरायचा, त्यासाठी त्याला मी कितीदा बाहेर उभं केलंय. दारात उभा राहून म्हणाला, "मिस, ती इटालियन कॅसेट मला ऐकायची आहे." मी नको म्हटलं. मम्मा आतून ओरडली, "कोण आहे? तो बदमाश आहे का? ये, बस इथे, बघ काय केलंस माझ्या एरोसचं!"

तो बसला. मम्माने त्याला शर्यत संपेपर्यंत शिव्या दिल्या, रोमान्याच्या बोलीत, आणि मधे मधे बिस्किटं दिली. तो दोन्ही घेत होता. त्या जागी आल्यावर म्हणाला, "मागे घ्या ना, मिस." मी मागे घेतली. तीनदा. मग तो म्हणाला, "हा तुमचा भाऊ ना? लहानपणापासून याच धंद्यात ना? मग त्याला विचारा, हा कसला आवाज आहे. मी विचारलं असं सांगू नका."

तेव्हा माझ्या पहिल्या पत्रातला तो प्रश्न माझा नव्हता. पायऱ्या आणि छप्पर माझं, प्रश्न त्याचा.

तो स्वतः बोलू शकत नाही. करारातच लिहिलेलं असतं म्हणे, गाडीत दोष निघाला तर तो बाहेर बोलायचा नाही. गिअर पडला नाही असं म्हणणं म्हणजे कंपनीचा गिअरबॉक्स वाईट म्हणणं. म्हणून "चूक माझी". हे सगळे शर्यतवाले असंच करतात, तो म्हणाला, आणि ऐकणाऱ्यांना ते कळतं. "जाणकाराला कळतंच, मिस." तुझी वाट बघत होता तो, इवानो. मुजेल्लोला, बाटली लागायच्या आधी.

आता पुढचं. संघवाल्यांनी त्याला सांगितलंय की मिझानोच्या शर्यतीनंतर ठरवू. पुढच्या वर्षी त्याला गाडी द्यायची की नाही ते. जाहिरातवाल्यांना शिट्ट्या खाणारा माणूस नकोय. तुमच्या गावाशेजारी, तुमच्या लोकांसमोर काय होतं, ते बघणार आहेत. एन्कार्ना तिकडे जायचं म्हणतेय, मी तिला नको म्हणतेय.

तू काय करावंस ते मी सांगणार नाही. मलाही माझ्या माणसाचीच बाजू दिसते, आणि आमच्या टीव्हीवाल्याने एरोसला खेचर म्हटलं तेव्हा मी हसले होते. तेही इथे लिहून ठेवते.

रेमे

*

मिझानो, शनिवार, संध्याकाळ

प्रिय रेमे,

उद्या शर्यत. एन्कार्नाबाई आल्या आहेत, तुला माहीत असेलच. त्यांना तू थांबवू शकली नाहीस, हे बरं झालं की वाईट, ते मला अजून कळत नाही.

गुरुवारी सकाळी मी प्रिमोच्या बारमध्ये टेपरेकॉर्डर घेऊन गेलो. नेहमीची मंडळी होती, फरशीवाला, दोन म्हातारे मेकॅनिक, पोस्टमन. म्हटलं, "डोळे मिटा. दोन आवाज ऐकवतो, काय झालं ते सांगा." या लोकांना असलं काही दिलं की पेपर, राजकारण, सगळं बाजूला. डोळे मिटून बसले, देवळात बसल्यासारखे. वर भिंतीवर एरोसचा मोठा फोटो.

पहिला आवाज लावला. दुसरा लावला. पोस्टमनसुद्धा क्षणभर अडखळला नाही.

"गिअर पडला नाही."

"दोन्हींत," म्हातारा मेकॅनिक म्हणाला. "पहिल्या आवाजात उतरताना तिसरा गिअर, दुसऱ्यात दुसरा. हे काय विचारतोस, शाळेतल्या पोराला विचार."

"रेस दिली असेल," मी म्हटलं.

"तुझ्या डोक्याने दिली असेल!" सगळे हसले. "रेस देताना असा ओरडतो का? बापाने काही शिकवलं नाही तुला?"

प्रिमो कॉफीच्या यंत्रामागे होता. तो म्हणाला, "पहिला माझा एरोस. हॉलंड." अभिमानाने म्हणाला. मुलाचा आवाज ओळखल्यासारखा.

"आणि दुसरा?" फरशीवाल्याने विचारलं.

मी सांगितलं.

म्हाताऱ्या मेकॅनिकने टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली. चुकीचं ओळखलं असं म्हणायची आता सोय नव्हती. ते लोक काहीही सोडतील, पण इंजिनाबद्दल दिलेला निकाल परत घेणार नाहीत. खरं सांगायचं तर मला याची खात्री होती, आणि म्हणूनच आधी नाव सांगितलं नाही. हा कावा झाला का, हे मी अजून तपासतोय.

प्रिमोने फडक्याने यंत्र पुसलं. मग म्हणाला, "हे टीव्हीवर लावणार आहेस?"

"हो."

"मग उद्यापासून कॉफी समोरच्या बारमध्ये पी. भिकार असते. पण तुला काय, तुला कसलीही चव कशीही लागते."

काल आणि आज समोरच्या बारमध्ये प्यायलो. त्याचं म्हणणं खरं आहे.

आज दुपारी सराव संपल्यावर दिग्दर्शकाने थोडा वेळ दिला. मी दोन्ही आवाज लावले आणि स्वतः काही बोललो नाही. ओत्ताव्हिओला म्हटलं, तू सांग. तो इतका गांगरला की त्याने आधी माझ्या हाताकडे बघितलं. मग त्याने सांगितलं, साध्या शब्दांत, छत्री कशी रोवायची हे सांगावं तसं. शेवटी मी एवढंच म्हणालो की दुसरा आवाज जेरेझला कुर्रो वाल्देरासच्या गाडीचा होता, मी त्याला रेस म्हणालो, ते चुकलं. त्याने नेम धरलेला नव्हता. हे मला कुर्रोने सांगितलेलं नाही, कुणीच सांगितलेलं नाही, हा आवाज कुणालाही ऐकता येतो, असंही म्हणालो. त्यातलं "कुणीच सांगितलेलं नाही" हे खरं नव्हतं. मला तू सांगितलंस. पण तुझं नाव घेतलं असतं तर माग तुझ्या सोफ्यापर्यंत गेला असता.

चॅनेलला फोन आले. एका बाईने विचारलं, मला स्पेनमधून किती पैसे मिळाले. कुर्रोच्या संघाने तासाभरात पत्रक काढलं की त्यांच्या गाडीत कधीच दोष नव्हता. म्हणजे कुर्रोचं भलं झालं की त्याच्यावर नवीन संकट आणलं, हेही मला ठाऊक नाही. जाहिरातवाले उद्या बघणार आहेत आणि स्टँडवर ते "नेमबाज"चं कापड आजही आहे. संध्याकाळी मात्र बघितलं, त्याचं एक टोक कुणीतरी सोडलं होतं. वाऱ्याने सुटलं असेल.

एरोसला भेटायला गेलो. तो बूट चढवत होता. मला वाटलं ओरडेल. तो म्हणाला, "इवानो, तो माझ्या मागून आला. मागचं मला कसं दिसणार? रेतीतली थप्पड माझी, ती मी नाकारत नाही. पण बाकीचं मी तुझ्याकडून घेतलं. हॉस्पिटलमध्ये तुझीच कॅसेट बघितली मी. चार महिने त्या पोराशी बोललो नाही."

"मग आता?"

"आता तू जा. मला गाडीकडे जायचंय."

या सगळ्यात त्याच्याबद्दल मी एकदाही विचार केला नव्हता, रेमे. मला वाटत होतं, मी त्याचीच बाजू घेतोय.

परत येताना गॅरेजच्या गल्लीत कुर्रो स्कूटरवरून समोरून आला. मागे एन्कार्नाबाई, पर्स छातीशी घट्ट धरून. मी बाजूला झालो. जाताना त्याने उजवा पाय बाहेर काढला आणि जमिनीलगत क्षणभर तसाच ठेवला. मोटरसायकलवाल्यांचे हात मोकळे नसतात, म्हणून ते असे आभार मानतात. रस्ता दिल्याबद्दलही मानतात. मी रस्ता दिला होता. कदाचित त्याचा पाय अवघडला असेल. एन्कार्नाबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली, पण गल्लीत खड्डे आहेत, मान आपोआपही हलते. याचा अर्थ लावायचा नाही असं मी ठरवलंय. जे दिसलं ते असं होतं, एवढंच तुला कळवतो. घरी परतल्यावर त्या कपडे कोणत्या दोरीवर टाकतात, ते तू कळव.

मावशीला उद्याची कॅसेट पाठवेनच. ती म्हणेल, आवाज कमी झाला इवानोचा, म्हातारा झाला. म्हणू दे.

उद्याचं काम: ध्वनी सांभाळणाऱ्या मुलीला सांगून ओत्ताव्हिओचा माइक माझ्या माइकपेक्षा वर ठेवून घेणे.

इवानो